थकलेलं बिल आणि ४५ दिवस: अंबडमधला माझा अनुभव

सगळ्यात आधी कामाचं सांगते. तुमचा माल कंपनीच्या गेटातून आत गेला की मालासोबतच्या तुमच्या चलनाच्या प्रतीवर तारखेसह इनवर्डचा, म्हणजे माल आत आल्याचा शिक्का घ्या. शिक्का मिळेपर्यंत टेम्पो गेटवरून हलवू नका. ड्रायव्हर कंटाळतो, वॉचमन "नंतर या" म्हणतो, तरीही घ्या. पुढे जे लिहिलंय ते सगळं या एका शिक्क्याभोवती फिरतं.

आमचं नाशिकच्या अंबड एमआयडीसीत छोटं युनिट आहे. प्रेसचे आणि टर्निंगचे पार्ट बनवतो. बारा माणसं कामाला आहेत, बरीचशी सिडको आणि पाथर्डी फाट्याकडून येणारी. मशीन आणि माल माझे दीर बघतात. हिशेब, बँक, जीएसटी आणि पगार माझ्याकडे. ज्या कंपनीने आमचे पैसे अडवले तिचं नाव मी लिहिणार नाही. मोठी आहे, नावाजलेली आहे, आणि तिच्या वार्षिक अहवालात सामाजिक बांधिलकीचं वेगळं प्रकरण असतं. वृक्षारोपण, शाळेतल्या मुलांना दप्तरं, आरोग्य शिबिरं. ती कामं चांगलीच आहेत आणि व्हायलाच हवीत. पण ज्याच्याकडून माल घेतला त्याचे पैसे ठरल्या वेळी देणं ही कंपनीची पहिली सामाजिक जबाबदारी आहे, हे माझं मत या सगळ्या काळात पक्कं झालं. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ सांगतं की ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्च करावेत. तो खर्च नफ्यातून होतो. आमचे पैसे त्या नफ्याच्या आधीचे आहेत.

बिल थकलं की नक्की काय होतं ते मोठ्या कंपनीत बसलेल्या माणसाला बहुतेक दिसत नाही. पाच लाखांच्या मालावर १८ टक्क्यांनी ९०,००० रुपये जीएसटी होतो. तो आम्हाला पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरावा लागतो, कंपनीने आम्हाला एक रुपया दिलेला नसला तरी. पीएफ आणि ईएसआय १५ तारखेला. पगार त्याच्याही आधी. बँकेची सीसी लिमिट, म्हणजे धंदा फिरवायला घेतलेल्या कर्जाची मर्यादा, तोंडापर्यंत भरलेली असते आणि तिच्यावर व्याज चालूच असतं. म्हणजे छोटा माणूस मोठ्या कंपनीला बिनव्याजी कर्ज देतो आणि त्यासाठी स्वतः व्याजाने पैसे उचलतो. आमच्या प्लेटिंगवाल्याचे पैसे मी त्या काळातही थांबवले नाहीत, कारण तो आमच्याहूनही लहान आहे. त्यासाठी माझी एफडी मोडली. त्याचा मला अभिमान आहे.

कायदा याबाबत स्वच्छ आहे. एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा विकास कायदा, २००६ चा. कलम १५ प्रमाणे लेखी करार असेल तर त्यातल्या तारखेला, करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे; आणि करार काहीही असला तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढे जाता येत नाही. उशीर झाला तर कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चढणारं चक्रवाढ व्याज. आमच्या वेळी बँक रेट ६.७५ टक्के होता, म्हणजे व्याज २०.२५ टक्के. पाच लाख सहा महिने थकले तर ते साधारण ५२,८०० रुपये होतं.

एवढा चांगला कायदा असताना अडलं कुठे? "माल स्वीकारल्यापासून" या शब्दांपाशी अडलं.

कंपनीच्या सिस्टिममध्ये पेमेंटचे दिवस जीआरएनपासून मोजले जातात. जीआरएन म्हणजे माल मिळाल्याची त्यांची आतली नोंद. ती जोपर्यंत होत नाही तोपर्यंत बिल अकाउंट्सच्या टेबलावर चढतच नाही. आमचा माल गेटमधून जात होता, पण जीआरएन निघत नव्हता. स्टोअरला विचारलं की म्हणायचे, क्वालिटीकडून इन्स्पेक्शन बाकी आहे. क्वालिटीवाले म्हणायचे, पर्चेसने होल्डवर ठेवायला सांगितलंय. पर्चेसचे साहेब म्हणायचे, "मॅडम, महिनाअखेर होऊ द्या, एकदम करून टाकतो." आणि अकाउंट्समधला मुलगा अगदी शांतपणे म्हणाला, "मॅडम, सिस्टिमला जीआरएन नाही म्हणजे आमच्या लेखी तुमचा माल आलेलाच नाही." ते वाक्य अजून माझ्या डोक्यातून जात नाही. माल त्यांच्या लाइनवर लागत होता, त्यातून बनलेली वस्तू बाजारात जात होती, तिचे पैसे त्यांना मिळत होते, आणि कागदावर आमचा माल आलेलाच नव्हता!

ही माणसं वाईट नव्हती, हेही लिहायला हवं. पर्चेसच्या साहेबांना वरून तिमाहीचा आकडा दिलेला असतो, पैसे जितके दिवस हातात राहतील तितकं त्यांचं काम चांगलं समजलं जातं. अकाउंट्समधल्या मुलाला तर अधिकारच नव्हता. म्हणूनच मला हा एका अधिकाऱ्याच्या स्वभावाचा प्रश्न वाटत नाही. कंपनीने वर बसून ठरवलेल्या पद्धतीचा आहे, आणि जबाबदारीही त्यांचीच आहे.

त्यातच २०२४ चा फेब्रुवारी आला. तेव्हाच्या आयकर कायद्यात कलम ४३ बी मध्ये एच हा नवा भाग आला होता, २०२४-२५ या आकारणी वर्षापासून लागू. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजावटीत धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देतील त्या वर्षी मिळतो. मध्यम उद्योगांना आणि नुसत्या व्यापाऱ्यांना हे संरक्षण नाही, ते लक्षात ठेवा. मला वाटलं, आता मार्चच्या आत सगळं मोकळं होणार. झालं उलटंच. कंपनीकडून दोन कागद आले. एकात लिहून द्यायचं होतं की आम्हाला ९० दिवसांची मुदत मान्य आहे. दुसऱ्यात आमची उद्यम नोंदणी, म्हणजे एमएसएमई म्हणून सरकारकडची नोंदणी, आहे की नाही ते कळवायचं होतं, आणि फोनवर सल्ला मिळाला की नोंदणी काढूनच टाका, मग ऑर्डर नियमित येतील. त्या काळात असा सल्ला मिळालेले आम्ही एकटे नव्हतो. निमा आणि आयमा या इथल्या उद्योजकांच्या संघटनांमध्ये ज्यांच्याशी बोलले त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या कानावर हेच आलं होतं.

त्या रात्री घरात नीट वाद झाला. दिरांचं म्हणणं, सही करून टाकू, पैसे आज ना उद्या येतील, पण ऑर्डर गेली तर मशीन बंद पडतील. त्यांची भीती खरी होती. ज्या कंपनीवर निम्मं काम अवलंबून आहे तिच्याशी कायद्याची भाषा बोलणं सोपं नसतं, आणि हे कायदा लिहिणाऱ्यांनाही ठाऊक असावं. पण कायद्याने दिलेला हक्क मी माझ्या हाताने खोडून द्यावा, आणि तोही ज्याने पैसे अडवलेत त्याच्याच सोयीसाठी, हे मला कुठल्याही हिशेबात बसेना. मी सही केली नाही. उलट मेलने कळवलं की आमची उद्यम नोंदणी चालू आहे, क्रमांक अमुक, आणि ४५ दिवसांपुढची मुदत कायद्यात बसत नाही.

मग आमच्या सीए ताईंनी कायद्याचं कलम २ उघडून दाखवलं. वाट तिथे होती. माल पोचल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल ज्या दिवशी प्रत्यक्ष पोचला तोच दिवस स्वीकृतीचा मानला जातो. जीआरएनचा त्यात उल्लेखच नाही! त्यांच्या सिस्टिमने काहीही म्हटलं तरी कायद्याचं घड्याळ गेटपासून सुरू होतं. मला इतकं हलकं वाटलं की मी तो परिच्छेद मोठ्या अक्षरात छापून ऑफिसात लावला.

आता गेटची तारीख सिद्ध करायची होती. काही चलनांवर शिक्का होता, काहींवर नुसती सही, काहींवर तीही नाही, कारण दुसऱ्याचा टेम्पो भाड्याने गेला होता. इथे आमच्या कामाला आले रिकामे ट्रे. आमचे पार्ट आमच्याच प्लास्टिक ट्रेमधून जातात आणि माल वापरून झाला की कंपनी ते ट्रे परत पाठवते, त्यांच्याच रिटर्नेबल गेटपासवर, तारीख आणि सहीसकट. म्हणजे ज्या मालाचा जीआरएन झालेला नव्हता, त्याचे ट्रे रिकामे होऊन परत आल्याची त्यांचीच पावती माझ्या फाइलमध्ये पडलेली होती. प्रत्येक चलनासमोर ट्रेचा गेटपास लावत मी तक्ता केला. त्याला वेळ लागला, पण नंतर त्या तक्त्यापुढे कुणी "माल आलाच नाही" म्हणू शकलं नाही. डबे, पॅलेट, ड्रम, जे काही तुमच्याकडे परत येतं त्याचे कागद जपून ठेवा.

मार्चअखेर त्यांच्या ऑडिटरकडून बाकी कन्फर्म करायचं पत्र आलं. आकडा आमच्या लेजरपेक्षा बराच कमी होता. असं पत्र आलं की बरेच जण घाईत सही करून टाकतात. करू नका. मी आमचा आकडा, फरक आणि बिलवार यादी जोडून थेट ऑडिटरला उत्तर पाठवलं. कारण कलम २२ प्रमाणे कंपनीने सूक्ष्म-लघु उद्योगांची थकबाकी आणि तिच्यावरचं व्याज आपल्या ताळेबंदात वेगळं दाखवायचं असतं. शिवाय ४५ दिवसांवरची थकबाकी कारणासह दर सहा महिन्यांनी एमएसएमई-१ या फॉर्ममध्ये केंद्राच्या कंपनी खात्याला कळवायची असते, ३० एप्रिल आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत. शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी सेबी मोठ्या लिस्टेड कंपन्यांकडून बीआरएसआर नावाचा जबाबदारीचा अहवाल घेते, त्यात पुरवठादारांचे पैसे किती दिवसांनी दिले जातात हेही मोजायचं ठरलं आहे. मी पत्रात एवढंच विचारलं की या कागदांमध्ये आमची थकबाकी दाखवली आहे का. माझ्या अंदाजाने, आमच्या सगळ्या फोनपेक्षा या एका प्रश्नाने जास्त काम केलं.

तरी थकबाकीचा पहिला हप्ता येऊन पुन्हा शांतता पसरली, तेव्हा मी थकलेल्या बिलांच्या तक्रारींसाठीच्या सरकारी समाधान पोर्टलवर अर्ज केला. ही सोय २०१७ मध्ये सुरू झाली. उद्यम क्रमांक, पीओ (कंपनीची खरेदीची ऑर्डर) आणि बिलं लागली, अर्ज स्वतः भरता आला. तिथून प्रकरण एमएसएमई कायद्याच्या कलम १८ प्रमाणे असे वाद सोडवणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जातं. कौन्सिल आधी समेट घडवायचा प्रयत्न करते, नाही जमलं तर लवादाकडे. कंपनीला निवाडा मान्य नसेल तर कोर्टात जाण्याआधी निवाड्याच्या ७५ टक्के रक्कम भरावी लागते, हे कलम १९. म्हणून मोठ्या कंपन्यांनाही हे प्रकरण लांबवणं परवडत नाही.

अर्जाची कल्पना कंपनीला मिळाल्यावर आम्हाला बोलावणं आलं, या वेळी पर्चेसच्या साहेबांकडे न बसवता फायनान्सच्या केबिनमध्ये. चहा आला. मुद्दल पूर्ण देतो, व्याजाचं सोडून द्या, असं सुचवलं गेलं. मी व्याजाचा तक्ता पुढे ठेवला आणि सांगितलं की यातला किती भाग सोडायचा ते मी ठरवेन, पण शून्य होणार नाही. शेवटी आमची सीसी लिमिट ज्या दराने आहे त्या दराने व्याज ठरलं, ते लेखी झालं, आणि त्यासोबत मी एक ओळ घालून घेतली: माल गेटवर आल्याच्या तारखेपासून मुदत मोजायची. व्याजापेक्षा मला ती ओळ मोलाची वाटते, कारण ती पुढच्या प्रत्येक बिलाला लागू आहे. पैसे जमा झाल्यावर मगच मी अर्ज मागे घेतला. आधी मागे घ्या, मग देतो, असं म्हटलं गेलं तर ऐकू नका.

ऑर्डर गेली का, हा प्रश्न मला सगळे विचारतात. एक पार्ट दुसऱ्या व्हेंडरकडे गेला. बाकीचं काम चालू आहे आणि पैसे आता मुदतीत येतात. त्या एका पार्टची जागा भरायला दिरांनी सिन्नरला, मुसळगावच्या बाजूला नवं गिऱ्हाईक शोधलं. दिवाळीचा बोनस आम्ही वेळेवर दिला.

मध्ये सांगायचं राहिलेलं एक. उद्यम नोंदणी माल देण्याआधीची असली पाहिजे, नंतर केलेल्या नोंदणीवर जुन्या बिलांसाठी भांडणं अवघड जातं. नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. क्रमांक प्रत्येक बिलावर आणि चलनावर छापा, म्हणजे "तुम्ही एमएसएमई आहात हे आम्हाला माहीतच नव्हतं" असं कुणी म्हणणार नाही. आणि माल नाकारायचा असेल तर १५ दिवसांच्या आत लेखी कळवा, असं एक वाक्य चलनाच्या तळाशी घालून घ्या. आम्ही नवीन चलनबुकं छापून घेतली तेव्हा ते वाक्य मराठीत आणि इंग्रजीत, दोन्हीत टाकलं.