बीपीचा पेशंट परत यावा म्हणून: आरोग्य केंद्रातला माझा अनुभव

फॅमिली मेडिसिनच्या शिक्षणात भर असतो निदानावर आणि औषधांवर. साधनं तुटपुंजी असलेल्या निरनिराळ्या देशांतल्या आरोग्य केंद्रांत मात्र माझा बराचसा वेळ एकाच प्रश्नात गेला आहे: आज गोळी सुरू केलेला पेशंट पुढच्या महिन्यात परत येईल का? प्राथमिक आरोग्यसेवेवरच्या १९७८ च्या आंतरराष्ट्रीय अल्मा-आटा जाहीरनाम्याने आरोग्यसेवा लोकांच्या राहत्या आणि कामाच्या जागेजवळ न्यायला सांगितलं. पण केंद्र जवळ असूनही तिथे गोळ्या नसल्या, की माणूस दुसऱ्यांदा येत नाही.

नव्या ठिकाणी गेलं की मी आधी तीन गोष्टी विचारून घेतो. भांडारात नेहमी मिळणारी गोळी कोणती? नियमानुसार डोस कोण वाढवू शकतं, फक्त डॉक्टर की नर्ससुद्धा? आणि बीपी मोजायला बसायची जागा कुठे आहे? तिसरा प्रश्न किरकोळ वाटतो, पण पुढचं सगळं त्या आकड्यावर उभं राहतं.

पाठ खुर्चीला टेकलेली, पावलं जमिनीवर, पायावर पाय नाही, हात टेबलावर छातीच्या पातळीला, आणि पाच मिनिटं शांत बसणं. आधीचा अर्धा तास चहा-कॉफी-तंबाखू नको, लघवी तुंबलेली नको. मोजताना पेशंटने बोलायचं नाही, नर्सनेही विचारपूस करायची नाही. कफ, म्हणजे यंत्राचा फुगणारा पट्टा, उघड्या दंडावर बांधायचा. त्यातल्या फुगणाऱ्या पिशवीची लांबी दंडाच्या घेराच्या निदान ८० टक्के हवी. जाड दंडाला लहान कफ बांधला की आकडा खोटा वाढतो, हात खाली लोंबता ठेवला तरी वाढतो. म्हणून मोठा कफ ही माझी पहिली मागणी असते.

मोजमाप खरं होतंय का, हे नोंदवहीच सांगते. हाताने फुगवायच्या यंत्रावर खुणा २-२ मिमीच्या असतात. म्हणजे बीपीच्या आकड्याच्या शेवटी ०, २, ४, ६, ८ हे अंक साधारण सारखेच, प्रत्येकी वीसेक टक्के यायला हवेत. पानभर १३०, १४०, १५० दिसले, तर बीपी अंदाजाने लिहिलं जातंय. गर्दीत हे होतंच, तिथे नर्सला बोल लावण्यात अर्थ नाही. स्वयंचलित यंत्र मिळालं की हा दोष जातो.

उपचाराचा क्रम एकच असावा आणि तो भिंतीवर लावलेला असावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हार्ट्स या हृदयरोग-प्रतिबंधाच्या कार्यक्रमाचाही हाच आग्रह आहे. खातरजमा झालेलं बीपी १४०/९० किंवा वर असेल तर औषध. बहुतेकांसाठी उद्दिष्ट त्याखाली, हृदयविकार असलेल्यांत वरचा आकडा १३० च्या खाली. मी वापरतो तो क्रम असा: अॅम्लोडिपिन ५ मिग्रॅ, मग जोडीला टेल्मिसार्टन ४० मिग्रॅ, मग दोन्ही दुप्पट, शेवटी क्लोर्थॅलिडोन (लघवी वाढवणारी गोळी) १२.५ मिग्रॅ. गरोदर बाईला किंवा दिवस राहण्याची शक्यता असलेल्या बाईला टेल्मिसार्टन द्यायचं नाही. रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारं) आणि पोटॅशियम तपासता आलं तर उत्तमच, पण लॅब लांब आहे म्हणून पहिली गोळी अडवून ठेवू नये. अॅम्लोडिपिनने घोटे सुजले तर लघवीची गोळी देऊन फारसा उपयोग होत नाही, कारण ती सूज शरीरात पाणी साठून आलेली नसते. बारीक रोहिण्या सैल होऊन द्रव बाहेर झिरपलेला असतो. डोस कमी केला किंवा टेल्मिसार्टन जोडलं की ती बरेचदा उतरते. ही सूज येऊ शकते असं आधीच सांगून ठेवावं. नाहीतर पेशंट कुणाला न विचारता गोळी सोडतो.

पुढची तारीख २८ दिवसांनी द्यावी, म्हणजे वार तोच राहतो, आणि गोळ्या ३० द्याव्यात, म्हणजे दोन हाताशी उरतात. बीपी आटोक्यात आल्यावर १२ आठवडे आणि ९० गोळ्या. दर महिन्याला रांगेत उभं करून स्थिर पेशंटची रोजमजुरी बुडवणं मला अजिबात पटत नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो साठ्याचा. रोज एक गोळी घेणारे ३०० पेशंट म्हणजे महिन्याला ९,००० गोळ्या. १० मिग्रॅवाल्यांना ५ च्या दोन लागतात. ही दुप्पट धरली नाही की साठा लवकर संपतो. त्याहून मोठी चूक म्हणजे गेल्या महिन्याच्या खपावर मागणी लिहिणं. गोळ्या १० दिवसच शिल्लक होत्या आणि ३,००० खपल्या, तर गरज ३,००० नव्हे. रोजच्या ३०० प्रमाणे ९,००० आहे. ३,००० मागवल्या तर तुटवडा पुढच्या महिन्यात तसाच सरकतो. वर एक महिन्याचा राखीव साठा आणि नव्याने नोंद होणारे पेशंट धरावेत.

तिमाहीचा हिशेब नोंदवहीतल्या सगळ्यांवर करावा. नोंद १०० जणांची, आले ६०, त्यातले आटोक्यात ४५, तर निकाल ४५ टक्के. आलेल्या ६० वर काढला तर ७५ टक्के दिसतो आणि न आलेले ४० कागदावरून गायब होतात. मी त्या ४० जणांची नावं काढून आरोग्य सेविकेकडे देतो. तारीख चुकली की आठवडाभरात फोन किंवा घरभेट, आणि विचारायचं ते रागावून नाही: गोळ्या मिळाल्या नाहीत का, त्रास झाला का, की बरं वाटलं म्हणून थांबवल्या? पहिलं उत्तर वारंवार येऊ लागलं, तर पेशंटला समजावत बसण्याआधी भांडाराची वही उघडावी.