एडी गोर्डोचे पाय

आज भाच्याने 'टेकन ३' हा मारामारीचा व्हिडिओ गेम लावला आणि नेहमीसारखा त्यातला एडी गोर्डो हा लढवय्या घेतला. "मामा, नुसती बटणं दाबत राहायची, हा जिंकतोच!" मी मात्र एडीचे पाय बघत होतो. तो एका जागी उभाच राहत नाही. एक पाय मागे, मग दुसरा, अंग सतत झुलतं. ही 'जिंगा', कापोएरा या ब्राझीलच्या युद्धकलेची मूळ चाल. तिच्यातून लाथ कधी सुटेल, समोरच्याला कळत नाही. १९९७ च्या या गेमसाठी मार्सेलो परेरा या खऱ्या कापोएरा गुरूंच्या हालचाली टिपल्या होत्या, म्हणून ते अंग इतकं जिवंत वाटतं.

ब्राझीलमध्ये गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकन लोकांची ही विद्या. १८९० मध्ये तिथल्या कायद्याने ती गुन्हा ठरवली. मेस्त्रे (म्हणजे गुरू) बिंबांनी १९३२ मध्ये साल्व्हादोरला शाळा काढली, तेव्हा कुठे तिला मान मिळू लागला. गेममधला एडी ती तुरुंगात शिकतो, हे मला फार भावतं.

खटकतं ते एकच, लढताना बेरिंबाऊ हे वाद्य नाही. त्या एकतारी धनुष्याच्या तालावरच खरा खेळ संथ होतो, वेग घेतो. रात्री भाच्याला खऱ्या कापोएराचे व्हिडिओ लावून दिलेत. तुमच्याकडे चांगले असतील तर कमेंटमध्ये टाका.