तुम्ही विचारलंत म्हणून: लोक दवाखान्यात उशिरा का येतात?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात मी पंधरा वर्षांपासून आशा सेविका आहे. गावाला लागून कोलाम आदिवासींचे दोन पोड, म्हणजे पाडे, आहेत, तेही माझ्याकडेच. इंटर्नशिपची मुलं आली किंवा लग्नात शहरातलं कोणी भेटलं की प्रश्न ठरलेला: "दवाखाना फुकट, गाडी फुकट, तरी तुमच्याकडचे लोक पेशंटला इतक्या उशिरा का आणतात?" विचारणाऱ्याच्या मनात उत्तरही तयार असतं. अडाणीपणा, अंधश्रद्धा. त्या उत्तराचा मला त्रास होतो, म्हणून लिहिते.

आम्हाला प्रशिक्षणात मातामृत्यूच्या धड्यात तीन उशीर शिकवले होते. पहिला, घरच्यांनी न्यायचं ठरवण्यातला. दुसरा, वाटेतला. तिसरा, दवाखान्यात पोचल्यावर उपचार सुरू होण्यातला. जाब मात्र कायम पहिल्याचाच विचारतात.

काही वर्षांपूर्वी आमच्या गावातल्या एका कास्तकाराला डवरणीच्या दिवसांत घोणस चावली. आम्ही तिला परड म्हणतो. मीच आग्रह धरला, मांत्रिकाकडे नेऊ नका, सरळ दवाखान्यात चला. घरच्यांनी ऐकलं. पहिल्या दवाखान्यात सापाच्या विषावरची लस कपाटात होती, पण "पुढे न्या" म्हणून चिठ्ठी मिळाली. दुसऱ्या ठिकाणी सलाईन लावलं आणि पुन्हा पुढे. तिसरं ठिकाण यायच्या आधी तो गाडीतच गेला. चार तास आम्ही दवाखान्यांच्या दारातच होतो.

पुढच्या पावसाळ्यात त्याच्या भावजयीला पऱ्हाटी निंदताना साप चावला, तेव्हा घरच्यांनी तिला आधी मांत्रिकाकडे नेलं. मी धावत गेले. तिचा नवरा म्हणाला, "मागच्या वक्ती तुमचंच ऐकलं होतं ना ताई. काय भेटलं?" याला अडाणी कसं म्हणू? तो अनुभवावरूनच बोलत होता. मी उत्तर दिलं नाही, नुसती हात जोडून उभी राहिले. ती वाचली, कारण साप बिनविषारी होता. त्या दिवसापासून मला कळलं की तिसरा उशीरच पुढच्या खेपेचा पहिला उशीर होतो.

डॉक्टर चिठ्ठी का देतात, तेही सांगायला हवं. सर्पविषाच्या लशीची कधीकधी जोरात रिॲक्शन येते, बीपी पडतो, श्वास अडकतो. ॲड्रेनॅलीन भरून तयार ठेवलं तर ती सांभाळता येते. पण रात्री एकटा असलेला नवा डॉक्टर घाबरतो, दाराशी नातेवाइकांची गर्दी असते, आणि पेशंट पुढे पाठवला की जबाबदारी पुढे जाते. त्याची भीती मला समजते. तरीही लस एकच आहे, नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर चालणारी, त्यामुळे साप ओळखून आणायचीही गरज नाही. घोणशीचं विष चढलंय का, हे पाहायला काचेची कोरडी नळी पुरते. तिच्यात रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवायचं. गोठलं नाही, तर विष चढलंय.

दुसऱ्या उशिराबद्दल काय सांगू, नाल्याला पूर आला की पोड तुटतो, एवढंच. आणि फुकटाचा हिशेब असा: निंदणाची रोजी बुडते, सोबतच्या माणसाचीही बुडते, जिल्ह्याला राहायचं तर डबा-चहा आणि परतीची काळीपिवळी. शेजाऱ्याकडून पैसे उचलून लोक जातात. हे सगळं सोसूनही जातात, पण तिथे इलाज होईल अशी खात्री असेल तरच.

बाळंतपणाचं पाहा ना. आमची माणसं दवाखान्यालाच घाबरत असती, तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली ९५ टक्क्यांच्या आसपास बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसली नसती. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गावातल्याच बायांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. तिथले नवजात बालमृत्यू तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी कमी झाले आणि १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय मासिकात छापून आलं. २०११ पासून देशभरातल्या आशा तशाच भेटी देतात. तिसऱ्या दिवशी बाळाला तोलायला जाते तेव्हा पोडातली आजी आधीच चटई अंथरून बसलेली असते. तिला कधी बोलवावं लागलं नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या आरोग्य केंद्रात एक नवीन डॉक्टर मॅडम आल्या. सर्पदंशाचा पेशंट आला की आधी ॲड्रेनॅलीनची सिरिंज भरून ट्रेमध्ये ठेवतात, लस तिथेच सुरू करतात, पेशंटच्या उशाशी स्टूल ओढून बसतात. गरज पडली तर मग पुढे पाठवतात, पण लस सुरू करूनच. पहिल्या पावसाळ्यात त्यांनी दोघांना वाचवलं. गावभर झालं.

यंदा आषाढात रात्री दोनला माझं दार वाजलं. तोच नवरा होता, ज्यानं मला विचारलं होतं, काय भेटलं. जमिनीवर झोपलेल्या त्याच्या पोराचं पोट अचानक दुखायला लागलं होतं, पापण्या जड झाल्या होत्या. मण्यार असावी. मोटारसायकल चालूच होती, पोराला मधे धरून बायको मागे बसली होती. "मॅडमले फोन लावा ताई," तो म्हणाला, "आम्ही निघतोच."