लाल दिवा तर लागतोय

आमच्या पिकअपला मुळात रिमोट नव्हताच. २०२३च्या जुलैत टोमॅटोने सगळ्या देशाला रडवलं आणि आम्हाला हसवलं. नारायणगावच्या मार्केटात वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला आणि आमच्या हिशेबाच्या वहीत पहिल्यांदाच ‘शिल्लक’ हा रकाना भरला. त्या पैशातून ही जुनी पांढरी पिकअप आली. आणि हाताला खाज म्हणा, तिला बाहेरून सेंट्रल लॉक बसवून घेतलं. दोन बटणांचा काळा रिमोट. एक दाबलं की दोन्ही दारं खट् करून बंद आणि इंडिकेटर एकदा मिचकावणार. दुसरं दाबलं की दारं उघडी, इंडिकेटर दोनदा.

“हौद्यात चिखलाचे क्रेट आणि दाराला रिमोट. धोतरावर टाय बांधल्यासारखं दिसतंय,” असं आमच्या हिचं मत पडलं. पण मार्केटात गाडी लावून आडत्याकडे जाताना केबिनमध्ये पावत्या असतात, पट्टीचे पैसे असतात. शिवाय मागे वळून न बघता चालता चालता खट् करायचं, यात एक ऐट होती. खोटं कशाला बोला.

ती ऐट सप्टेंबरात गेली. मार्केटात बटण दाबलं, आवाज नाही. परत दाबलं. गाडीजवळ गेलो, काचेला रिमोट टेकवून दाबला, तेव्हा कुठे खट् झालं. संध्याकाळी घरी अंगणात दाबला तर ओट्यावरून चालला! दुसऱ्या दिवशी मार्केटात पुन्हा मौन.

“सेल उतरला असंल,” मी म्हटलं.

“लाल दिवा तर लागतोय, आण्णा,” आमचा ड्रायव्हर पोरगा म्हणाला.

हे लाल दिव्याचं प्रकरण मला पुढे नीट कळलं. तो इवलासा दिवा अगदी थोड्या विजेवर लागतो. सेल मरायला टेकला तरी दिवा लागतोच, फक्त हाक लांब जात नाही. आजारी माणूस खाटेवरून “बरा आहे मी” म्हणतो, तसलं त्याचं बोलणं. तेव्हा दिव्यावर विश्वास न ठेवता मी सेल बदलायला घेतला.

नाणं खाचेत घालून रिमोट उकलला. आत गोल चपटा सेल, त्यावर सीआर २०३२. या आकड्यांत सेलची मापं असतात, हे मला पन्नाशीत समजलं. वीस म्हणजे वीस मिलिमीटर रुंद, बत्तीस म्हणजे ३.२ मिलिमीटर जाड. दुकानदाराने मात्र “एकच असतंय हो सगळं” म्हणत २०१६ हातात ठेवला. रुंदी तीच, पण जाडी निम्मी. तो आत लोळायला लागला. मग चॉकलेटच्या चांदीची घडी करून वर ठेवली. चालला! घरी. मार्केटात नाही. चार दिवसांनी खरा २०३२ आणला, पितळी पट्ट्या पोरीच्या खोडरबराने घासून चकचकीत केल्या, रबरी बटणाखालची धूळ फुंकली. घरी उत्तम. मार्केटात मौन.

दरम्यान कुणीतरी सांगितलं की मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर रिमोट दाबला तर उजेड दिसतो. दिसला नाही. म्हणजे रिमोट मेला, असं मी जाहीर केलं. आमची थोरली बारावी सायन्सला आहे. तिने पुस्तकातून मान वर न काढता सांगितलं, “पप्पा, तो टीव्हीचा रिमोट. त्याच्यात इन्फ्रारेड असतं. गाडीचा रेडिओवर चालतो. कॅमेऱ्यात काय दिसणार?” आणि दया येऊन एक युक्तीही दिली: रिमोट हनुवटीला लावून दाबायचा. डोक्यात पाणी भरपूर, त्यामुळे डोकंच अँटेनासारखं काम करतं आणि हाक लांब जाते. डोक्यात पाणी, हे तिने जरा सावकाश उच्चारलं.

युक्ती खरी निघाली. मार्केटात चार फुटांवरून चालेना तो हनुवटीला लावल्यावर आठ फुटांवरून चालला. पण सकाळच्या गर्दीत, शेकडो क्रेटच्या मधोमध, एक मिशीवाला माणूस हनुवटीला किल्ली लावून गाडीकडे एकटक बघतोय, हे दृश्य आमच्या मार्केटला नवीन होतं. “आण्णा, दाढी करताय का गाडीला फोन लावताय?” मी युक्ती सोडली.

मग निदानं सुरू झाली. ती आमच्याकडे फुकट मिळतात. त्यातलं सगळ्यात लाडकं निदान म्हणजे दुर्बीण.

नारायणगावच्या पूर्वेला दहा-एक किलोमीटरवर खोडद. तिथे जीएमआरटी, म्हणजे रेडिओ दुर्बीण. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. चौदा खोडदच्या आसपास दाटीने आणि बाकीच्या सोळा इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन दिशांना, पार पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यात. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी ही जागा निवडली, कारण इथे रेडिओचा गोंगाट कमी होता आणि डोंगरांचा आडोसा होता. तबकड्याही पत्र्याच्या नाहीत, बारीक तारांच्या जाळीच्या. वारा आरपार जातो, म्हणून एवढा मोठा सांगाडा स्वस्तात उभा राहिला. द्राक्षाच्या मांडवाच्या तारा ताणणाऱ्या आमच्यासारख्या माणसाला ही गोष्ट लगेच पटते.

तर या भागात मोबाइलला रेंज नाही, दुर्बीण. टीव्हीवर मुंग्या, दुर्बीण. पुणे–नाशिक रेल्वेचा आखलेला मार्ग तिच्यापायी बदलायची वेळ आली, ते तर खरंच, आणि तो राग अजून लोकांच्या मनात आहे. त्यामुळे माझ्या रिमोटचा गुन्हाही तिच्याच नावावर चढला. “तिच्या लहरी पकडत्यात तुमचा रिमोट,” असं पारावर ठरलं.

थोरलीला हे सांगितल्यावर मात्र तिने पुस्तक मिटलं. “पप्पा, ती काही सोडत नाही. ती फक्त ऐकते.” मग वहीच्या मागच्या पानावर तिने आकडे मांडले. आपल्याकडच्या गाड्यांचे रिमोट ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतात. दुर्बिणीच्या ऐकण्याच्या पट्ट्यांपैकी एक २५० ते ५०० मेगाहर्ट्झचा. म्हणजे माझा रिमोट तिच्या कानाच्या ऐन टापूत ओरडतो. २०२३च्या जानेवारीत बातमी होती, ती पोरीने कापून ठेवली आहे: याच दुर्बिणीने एका दीर्घिकेतल्या हायड्रोजनचा सिग्नल टिपला, ८८० कोटी वर्षं प्रवास करून आलेला. निघाला तेव्हा लाटेची लांबी एकवीस सेंटीमीटर, पोचेपर्यंत ताणून अठ्ठेचाळीस. तो ऐकू यावा म्हणून ते लोक स्वतःची यंत्रंसुद्धा धातूच्या पिंजऱ्यात कोंडून ठेवतात. “तिने तुमची तक्रार करायला पाहिजे, तुम्ही तिची नाही.”

८८० कोटी वर्षांवरून आलेलं खोडदला ऐकू येतं आणि माझी गाडी मला चार फुटांवरून ऐकत नाही. त्या रात्री मला ते फार लागलं.

सुगावा लागला तो ड्रायव्हर पोरगा लग्नाला म्हणून तीन दिवस रजेवर गेला तेव्हा. मी स्वतः गाडी घेऊन मार्केटला गेलो आणि रिमोट तिन्ही दिवस लांबून चालला. पोरगा आला, रिमोट गेला. “तुझा हातगुणच वाईट,” मी म्हटलं. तो बिचारा हिरमुसला. पुढे आठवडाभर किल्लीला हात लावेना, तरी रिमोट काही सुधारेना.

शेवटी हायवेवरच्या वायरिंगच्या मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी रिमोटकडे बघितलंसुद्धा नाही. सीटखाली गुडघे घालून स्टेअरिंगखालचं झाकण काढलं. आत साबणाच्या वडीएवढा डबा आणि त्यातून लोंबणारी एक बारीक काळी वायर, वितीपेक्षा थोडी आखूड. हाच गाडीचा कान. ४३३च्या लाटेची लांबी एकोणसत्तर सेंटीमीटर, तिचा चौथा हिस्सा धरून ही वायर कापलेली असते. (हिशेब अर्थात थोरलीचा, मेस्त्री तिला नुसतं “शेपूट” म्हणतात.) आमचं शेपूट कुणीतरी काळ्या टेपने एका दुसऱ्या वायरीला गच्च गुंडाळलं होतं. ती वायर जात होती चार्जरच्या खोबणीकडे. खोबणीत पोराचा मोबाइल चार्जर. शंभराचा, निळे आकडे लागणारा.

“तुझा का रं?”

“हो. घरी जाताना काढून नेतो. मार्केटात फोन गाडीतच चार्जिंगला असतो,” पोरगा म्हणाला.

मेस्त्रींनी चार्जर उपटला. मी वीस पावलं मागे गेलो. खट्. चार्जर खोचला. मौन. उपटला. खट्. बारा व्होल्टचे पाच करताना असले स्वस्त चार्जर आतल्या आत सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतात आणि भोवताली रेडिओचा कचरा उधळतात. तो थेट शेपटाला चिकटलेला. खोबणीची वायर बॅटरीवरून डायरेक्ट ओढलेली, म्हणजे गाडी बंद असली तरी कचरा चालूच. मेस्त्रींनी टेप सोडली, शेपूट वर काचेच्या कडेला नेऊन सरळ चिकटवलं, पन्नास रुपये घेतले. मी पोराला चांगला चार्जर घेऊन दिला. हातगुणाचं बोललो होतो, त्याचं काय करायचं ते सुचलं नाही, म्हणून सोबत मिसळही.

फेब्रुवारीत विज्ञान दिनाला खोडदचं प्रदर्शन असतं. थोरलीने हट्ट केला, पोरगाही बरोबर आला. मैदानात गाड्यांची रांग, पलीकडे तबकड्या तोंड वर करून एकाच दिशेला बघत उभ्या. मी दार लोटलं, खिशातून किल्ली काढली, दाराच्या भोकात घालून फिरवली. मग पलीकडे जाऊन दुसरं दारही तसंच बंद केलं.

“परत बिघडला का, आण्णा?” पोराने विचारलं.

“नाही रे. चांगलाय,” मी म्हटलं आणि रिमोट जपून वरच्या खिशात ठेवला, बटण चुकून दाबलं जाणार नाही असा.