डोळ्याला भिंत, कानाला खिडकी

भिंतीकडून आपली अपेक्षा साधी असते. तिने जागेवर उभं राहावं, बस्स. ऑफिसातली पॅनलची भिंत मात्र विकलीच जाते ती हलण्याच्या बोलीवर. हवी तेव्हा उभारा, नको तेव्हा उतरवा, माणसं वाढली तर दोन पॅनल जोडा, कमी झाली तर काढून ठेवा. वीट नाही, सिमेंट नाही, पाणी मारायची कटकट नाही. ॲल्युमिनियमची किंवा पत्र्याची एक चौकट, तिच्या दोन्ही अंगांना अडकवलेले कापडाचे, लॅमिनेटचे नाहीतर काचेचे तुकडे, तळाशी वायरी जायला पोकळ पट्टी, त्याखाली उंची जुळवायचे स्क्रू आणि दोन चौकटींना धरून ठेवणारा खांब किंवा क्लिप. झाली भिंत. दोन फिटर, एक ॲलन की आणि एक लेव्हल असली की जेवणाच्या सुट्टीपर्यंत अख्खी रांग उभी राहते.

आणि मग ती तिथेच राहते. अशी भिंत पुन्हा हलवलेली मी फारच क्वचित पाहिली आहे. हलवायची तर आधी तळातल्या वायरी सोडवाव्या लागतात, त्यासाठी वीजवाला लागतो, कॉम्प्युटरवाला लागतो. पॅनल उचललं की खालचा गालिचा दुसऱ्याच रंगाचा निघतो. शिवाय चार वर्षं एका कोपऱ्यात बसलेला माणूस तो कोपरा सहजी सोडत नाही. बोल्ट सुटतात, माणूस सुटत नाही. तरीही ही भिंत 'हलती' आहे यावर सगळ्यांचा विश्वास असतो, आणि हिशेबनीसांचा तर सगळ्यात जास्त. अमेरिकेच्या कर कायद्यात व्यापारी इमारतीचा घसारा, म्हणजे दरवर्षी उत्पन्नातून वजा करायचा झिजेचा खर्च, ३९ वर्षांत काढायचा असतो, ऑफिसच्या फर्निचरचा ७ वर्षांत. विटांची भिंत इमारतीत मोडते, बोल्टवरची फर्निचरमध्ये. एकाच जागी, एकाच कामासाठी उभ्या असलेल्या दोन भिंती, पण त्यातली एक कागदोपत्री खुर्चीची बहीण ठरते आणि तिचा खर्च लवकर वजा होतो. क्युबिकल, म्हणजे पॅनलांनी वेढलेली एकेकाची बसायची जागा, इतकं का पसरलं याची कारणं शोधताना लोक व्यवस्थापनशास्त्राची जाड पुस्तकं उघडतात. मला वाटतं, घसाऱ्याचा तक्ताही जवळ ठेवावा.

तसा या भिंतीचा जन्म चांगल्या हेतूने झाला. १९५०च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत श्नेले बंधूंनी ऑफिसातल्या खोल्या मोडून मोकळं मैदान केलं होतं: टेबलं वाकडीतिकडी, मध्ये कुंड्या, कोण कोणाशी किती बोलतं त्यावरून बसायच्या जागा. मोकळं झालं खरं, पण पाठ टेकायला काही उरलं नाही. तिकडे अमेरिकेत हर्मन मिलर या फर्निचर कंपनीच्या संशोधन विभागाचे प्रमुख रॉबर्ट प्रॉप्स्ट माणसं काम कशी करतात हे बघत बसले होते. उभं राहून, चालत, कागद समोर पसरून, भिंतीवर टोचून. १९६४ साली त्यांचा पहिला संच आला. त्याची रचना डिझायनर जॉर्ज नेल्सन यांची होती, देखणी आणि महाग, त्यामुळे तो फारसा खपला नाही. १९६८ साली दुसरा आला, 'ॲक्शन ऑफिस २'. त्यात पहिल्यांदा पॅनल आली: टेबल, फळी, कपाट सगळं पॅनललाच टांगलेलं.

प्रॉप्स्ट यांच्या डोक्यात पॅनल काटकोनात नव्हती, १२० अंशांत होती. तीन पॅनल एका खांबाला तसल्या कोनात जोडा, मग प्रत्येकाच्या वाट्याला ऐसपैस उघडी बाजू येते. पाठ झाकलेली, समोर मोकळं. मात्र खोल्या चौकोनी असतात. १२० अंशांच्या रचनेला भिंतीलगत तिकोनी तुकडे सुटतात, आणि जिथे भाडं चौरस फुटावर मोजलं जातं तिथे तिकोनी तुकडा कोणाच्याच डोळ्यांना सोसत नाही. खरेदीदारांनी कोन ९० केला, बाजू तीन केल्या, काहींनी साडेतीन. माणूस हिंडावा म्हणून केलेल्या वस्तूत माणूस बसवला गेला. प्रॉप्स्ट २००० साली वारले, तेव्हा आपल्या कल्पनेचं काय झालं याचं दुःख त्यांनी बोलून दाखवलेलं होतं. दोष मी पॅनलला देत नाही. जी वस्तू दोन्ही कोनांत तितक्याच निमूटपणे उभी राहते, तिला आपला कोन कोणता हे सांगणार कोण?

पॅनल म्हटलं की विक्रेता कापडाचे रंग दाखवतो. फिटर मात्र सांध्याकडे बघतो, आणि खरी गोष्ट तिथेच असते. सपाट तुकडा कोणीही बनवेल. पण दोन सरळ रेषेत, दोन काटकोनात, तीन 'टी'मध्ये, चार फुलीत असे सगळे प्रकार एकाच सांध्याने जमवायचे, त्यातूनच वीज पुढे न्यायची आणि वर पुन्हा तो सुटाही झाला पाहिजे. प्रदर्शनातले स्टॉल बघा. जर्मनीच्या ऑक्टानॉर्म कंपनीच्या खांबाला आठ खाचा असतात, म्हणजे ४५ अंशांच्या पटीत हव्या त्या दिशेला पॅनल अडकवता येतं. चार दिवसांचं प्रदर्शन संपलं की रात्रीतून गाव उठतं. बोल्टवरची भिंत खरोखर हलते ती फक्त इथे, कारण सभागृह सकाळी दुसऱ्याला द्यायचं असतं.

सांध्याच्या नादाने माणूस किती लांब जाऊ शकतो याचा मासला म्हणजे वास्तुरचनाकार कोनराड वाक्समान. १९४०च्या दशकात दुसरे वास्तुरचनाकार वाल्टर ग्रोपियुस यांच्याबरोबर त्यांनी पॅनलचं आख्खं घर तयार केलं. अडाणी मजुरालाही ते हातोडीने जोडता यावं, आणि त्यासाठी धातूचा एक पाचरीचा सांधा. सांधा अप्रतिम होता. तो आणखी अप्रतिम करण्यात वर्षं गेली, तोवर युद्ध संपलं, कॅलिफोर्नियात कारखाना उभा राहिला आणि घरं विकली गेली दोनशेच्याही आत. वास्तुकलेच्या वर्गात आजही त्या सांध्याचं चित्र दाखवतात. घरात राहिलेल्यांचं कोणी विचारत नाही.

सांध्याची दुसरी खोडी नकाशावर दिसत नाही, जमिनीवर दिसते. समजा १२०० मिलिमीटरच्या सहा जागा एका रांगेत हव्यात. बारा सक बहात्तर, म्हणजे ७२०० मिलिमीटर. खोली आहे साडेसात मीटरची, म्हणजे तीस सेंटिमीटर उरतातच की. नाही उरत. प्रत्येक जागेच्या मध्ये आडवं पॅनल येतं, त्याला खांब लागतो, खांबाची जाडी ६० मिलिमीटर. सहा जागांना दोन टोकं धरून सात खांब, म्हणजे ४२० मिलिमीटर जास्तीचे. रांग भरते ७६२० मिलिमीटर, आणि शेवटचं टेबल बारा सेंटिमीटर भिंतीत जातं. कॅटलॉगमध्ये पॅनलची रुंदी छापतात, खांबाची जाडी मागच्या पानावर बारीक अक्षरात असते. आयुष्यात भिंतींनी खाल्लेली जागा आपण मोजत नाही, कारण विटांच्या बाबतीत ती आधीच खाऊन झालेली असते. इथे ती आपल्या डोळ्यांदेखत खाल्ली जाते.

आता कान.

बसल्यावर डोळे जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर येतात. पॅनल त्याहून जरा उंच ठेवलं की समोरचा दिसत नाही आणि आपण एकटे आहोत असं वाटू लागतं. मेंदू भाबडा आहे. जो दिसत नाही त्याला ऐकूही जात नसणार असं तो धरून चालतो, आणि माणूस फोनवर डॉक्टरशी, बँकेशी, सासरच्यांशी अगदी मोकळेपणाने बोलू लागतो. पलीकडे सगळं पोचत असतं. म्हणजे सगळंच नव्हे, आणि त्यात एक गंमत आहे. आवाजाची लाट अडथळ्याच्या कडेवरून वळते, लांब लाट जास्त वळते, आखूड कमी. २०० हर्ट्झच्या जाड आवाजाची लाट पावणेदोन मीटरच्या आसपास, तर ४००० हर्ट्झची जेमतेम साडेआठ सेंटिमीटर. बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत असतात, 'स', 'श', 'च' यांची सळसळ वरच्या. त्यामुळे पॅनलवरून स्वर ओसंडून येतात आणि व्यंजनं पलीकडेच अडकतात. सूर कळतो, शब्द निसटतात. भांडण आहे हे कळतं, कशावरून ते कळत नाही. याहून जास्त काम बिघडवणारं दुसरं काही असेल असं मला वाटत नाही. पूर्ण ऐकू आलं असतं तर माणूस ऐकून कंटाळला तरी असता.

वर छत कडक असेल तर राहिलेली व्यंजनंही तिथून आपटून खाली येतात. म्हणून जाणकार पॅनलआधी छताबद्दल विचारतात. आणि पॅनलवरचं जाड मऊ कापड? ते आवाजाचा टीपकागद आहे. खोलीत घुमणारं जे असेल ते टिपतं, पलीकडे जाणारं अडवत नाही. अडवायला वजन लागतं. वजन दुप्पट केलं की आवाज सुमारे ६ डेसिबल जास्त अडतो, आणि हलवायच्या भिंतीला वजन परवडत नाही. त्यातून फट राहिली तर वजनही वाया. भिंतीच्या एक टक्का भागाला भोक असेल तर उरलेली भिंत शिशाची केली तरी २० डेसिबलच्या पुढे मजल जात नाही. दोन मीटर उंच दाराखाली सेंटिमीटरभर फट, म्हणजे अर्धा टक्का. हिशेब २३ डेसिबलवर संपला. आणि क्युबिकलची तर वरची बाजू आख्खी उघडी. भिंतीला कान असतात म्हणतात, इथे भिंतच कानाइतकी.

मग व्हायचं तेच झालं: लोकांनी उघड्या मैदानात पेट्या आणून ठेवल्या. फिनलंडमधल्या तांपेरे शहरात २०१० साली सुरू झालेल्या फ्रेमरी या कंपनीने फोनवर बोलायचे बंद बूथ विकायला घेतले, पाठोपाठ बाकीचे आले. २०२०मध्ये अशा पेट्या मोजण्याचं आयएसओ २३३५१-१ हे आंतरराष्ट्रीय मानकही आलं. आतल्या माणसाचं बोलणं बाहेर किती डेसिबलने कमी ऐकू येतं ते मोजायचं. ३० कमी झाले की 'ए' वर्ग.

पण तीन बाजूंची भिंत ही वस्तू असते, सहा बाजूंची झाली की खोली होते, आणि खोली म्हटलं की खोलीची सगळी दुखणी आली. एक मीटर बाय एक मीटर, उंची २.२ मीटर: आत हवा २२०० लिटर. बसलेला माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो, म्हणजे दहा मिनिटांत ३ लिटर. हवेतलं प्रमाण तेवढ्यात दहा लाखांत १३००हून जास्त भागांनी वाढतं. अर्धा तास मीटिंग चालली तर चार हजारांच्या घरात. वर माणूस म्हणजे १०० वॅटची शेगडी. म्हणून पंखा हवा. पंख्याला भोक हवं. आणि भोकाचं काय होतं ते आत्ताच पाहिलं. त्यावर उपाय म्हणून हवेला फोम लावलेल्या नागमोडी बोगद्यातून फिरवतात. हवा वळणं घेत निघून जाते, आवाज प्रत्येक वळणावर भिंतीला आपटून झिजतो. मला या सगळ्या प्रकारात मनापासून आवडलेली एकच गोष्ट कोणती, तर हा बोगदा. तो कोणाला दिसत नाही, कॅटलॉगच्या फोटोत नसतो आणि पेटीची खरी किंमत त्यात असते. पेटीला छत आलं की आगीचे नियम येतात, कारण इमारतीच्या छतावरच्या फवाऱ्याचं पाणी आत पोचत नाही. दार बाहेरच उघडावं लागतं, आत पाय मागे घ्यायलाच जागा नसते.

आणि दार काचेचं. आत कोण आहे, झोपलाय का, किती वेळ बसलाय, सगळं बाहेरून स्वच्छ दिसावं म्हणून. म्हणजे १९६८च्या पॅनलने डोळा अडवला आणि कान सोडला, आजच्या पेटीने कान अडवला आणि डोळा सोडला. दोन्ही एकदम अडवणारी विटांची खोली आधीच होती, पण ती ३९ वर्षांच्या खात्यातली.

पेटीतल्या माणसाला याची फिकीर नसते. तो हातवारे करतो, हसतो, कपाळावर हात मारून घेतो, आणि बाहेर थांबलेला मनगटावर बोट टेकवून दाखवतो. फक्त एक गोष्ट आतल्याच्या लक्षात येत नाही. सभोवती सगळा फोम असल्यामुळे त्याचा स्वतःचा आवाज त्याला नेहमीइतका परत ऐकू येत नाही, म्हणून तो आपसूक मोठ्याने बोलू लागतो. इतक्या खटपटीने कमावलेल्या तीस डेसिबलमधले थोडेबहुत असे तो आतूनच परत करून टाकतो.