अठरावा उंट

रविवार, रात्र

"मग म्हाताऱ्याचा हिशोबच आधी चुकला होता ना?" पुढच्या रांगेतल्या मुलीने विचारलं. मी नुसती मान डोलावली आणि पुढच्या गोष्टीकडे वळलो. ते मान डोलावणं अजून टोचतंय.

म्हातारा मरताना तीन मुलांसाठी सतरा उंट ठेवून जातो. मोठ्याला निम्मे, मधल्याला तिसरा हिस्सा, धाकट्याला नववा. सतराचे असे वाटे पडत नाहीत. एक शहाणा आपला एक उंट त्यात सोडतो, अठराचे नऊ, सहा आणि दोन वाटतो, आपला परत घेऊन जातो. टाळ्या.

खरी गंमत मृत्युपत्रात आहे. छेद समान करा : ९/१८, ६/१८, २/१८. बेरीज १७/१८. अठरावा हिस्सा म्हाताऱ्याने कुणालाच दिलेला नाही. म्हणून मोठ्याला साडेआठाच्या जागी नऊ मिळाले, म्हणजे अर्धा उंट जास्त. मधल्याला एक तृतीयांश उंट जास्त, धाकट्याला एक नवमांश. या तीन वाढी मिळवल्या की १७/१८ उंट, म्हणजे सतराचा तोच न दिलेला अठरावा हिस्सा. शिल्लकही त्याच प्रमाणात वाटली गेली.

फळ्यापाशी असतो तर पहिल्यांदा हेच लिहिलं असतं. गोष्टी सांगायला लागलो आणि छेद गाळले. पोरं कंटाळतील म्हणून. गणित सोडलं असं लोक म्हणतात तेव्हा राग येतो, पण आज... असो. मुलीला छेद हवे होते आणि मी ते दिले नाहीत, एवढंच खरं.

खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत कथा पाठवली ती आद्याक्षरं उलटी करून, नारायण विनायक जगताप या नावाने. अक्षर ओळखू नये म्हणून ती त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी लिहून काढली, त्याही गणितीच. नाव लपवलं, अक्षर लपवलं. विज्ञान मात्र शीर्षकातच ठेवलं, 'कृष्णविवर'. मी नेमकं उलट करत आलो.

ठीक आहे. गोष्ट टाकायची नाही, फक्त शहाणा यायच्या आधी थांबवायची. प्रत्येक गटाला सतरा चिंचोके आणि अठरा चौकटींची कागदाची पट्टी. नऊ चौकटी लाल, सहा निळ्या, दोन पिवळ्या. एक कोरी राहते, ती पोरांनीच बोट ठेवून दाखवायची. मग अकरा उंट द्यायचे : निम्मे, चौथा, सहावा. बारा धरले की सहा, तीन, दोन.

शेवटी पुन्हा सतरा, पण धाकट्याचा हिस्सा सहावा. बेरीज पूर्ण एक. अठराचे नऊ, सहा, तीन होतात आणि शहाण्याला उंट परत मिळत नाही. हे पहिल्यांदा त्या मुलीपुढे ठेवायचं.