आमची वाटचाल : सरकीचं तेल आणि घाईची एक रात्र

अकोल्यात सरकी तेलाची रिफायनरी टाकली तेव्हा माझ्याकडे दोनच गोष्टी होत्या, बँकेचं कर्ज आणि मिस्त्रीचाचा. चाचांचा हात न्यूट्रलायझरवर, म्हणजे कच्च्या तेलातली आम्लं काढायच्या टाकीवर, बसलेला. कॉस्टिक सोड्याचं पाणी गार तेलात सोडायचं, जोरात ढवळायचं, मग स्टीम देत हळूहळू 60-65 अंशांवर न्यायचं आणि ढवळणी मंद करायची. चाचा पळीत तेल घेऊन बल्बपुढे धरायचे. साबणाचे दाणे सुटे दिसले की म्हणायचे, “बस, मालक, बंद करा.” घाईनं तापवलं की इमल्शन होतं, म्हणजे तेल आणि साबण-पाणी एकजीव होऊन वेगळं होत नाही, आणि चांगलं तेल सोपस्टॉकबरोबर, म्हणजे साबणाच्या गाळाबरोबर, निघून जातं.

भारनियमनाच्या दिवसांतली ती रात्र. डिओडोरायझरमध्ये, म्हणजे तेलाचा वास काढायच्या बंद टाकीत, तेल 235 अंशांवर आणि वीज गेली. कंडेन्सरचा पंप थांबला, टाकीतला व्हॅक्यूम पडला, हवा आत शिरू लागली. वीज आली तेव्हा दारात टेम्पो उभा. व्हॅक्यूमखालीच तेल 60 अंशांपर्यंत उतरू द्यायला हवं होतं. चाचा नको नको म्हणत असताना मीच 120 अंशांवर असतानाच तेल टाकीबाहेर काढायला लावलं. गरम तेलाला हवा लागली. थोड्याच दिवसांत डब्यांतलं तेल लालसर पडलं, खवट वास येऊ लागला.

चूक माझी होती, मी पैसे परत केले. पण रस्त्यापलीकडच्या मिलवाल्यानं बाजारभर उठवलं, हे भेसळ करतात! तपासणीत निखळ सरकीचंच तेल निघालं, तरी एकाही व्यापाऱ्यानं येऊन दोन शब्द बोलले नाहीत. ते मला आजही सलतं. चार महिने बॉयलर पेटला नाही, घरातलं सोनं गहाण पडलं.

तेव्हा फक्त फरसाणवाले भाऊ आले. नव्या बॅचचा डबा नेला, माझ्यासमोर शेव तळली, पहिला घास मला दिला. “तेल तुमचंच घेणार. पण चाचांचं ऐकत जा.”

पुढे जनरेटर आला, धंदा सावरला, आता मुलगा बघतो.

या धंद्यात नव्यानं येणाऱ्यांना सांगतो, थर्मामीटरच्या पॉकेटवर, म्हणजे तो ज्या नळीत बसतो तिच्यावर, जळकं तेल साचलं की आकडा कमी दिसतो आणि आपण तापवतच राहतो. प्लांट बंद असेल तेव्हा ते घासून घ्या. आणि मे महिन्यात कच्चं तेल उन्हातल्या टाकीत पडू देऊ नका. उष्णतेनं गॉसिपॉलचा, म्हणजे सरकीतल्या रंगद्रव्याचा, रंग पक्का बसतो, मग ब्लीचरमध्ये, म्हणजे रंग काढायच्या टाकीत, रंग शोषणारी माती कितीही घाला, उतरत नाही.